कोडिंग करत नाही, मग मोनोस्पेस फॉन्टचा मला काय उपयोग?

कन्सोलास, मेन्लो असले मोनोस्पेस फॉन्ट, म्हणजे प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी देणारे, फक्त प्रोग्रामर लोकांचे का, असं विचारलंयत. नाय हो. माझं देवगडात झेरॉक्स-टायपिंगचं दुकान, कोडिंगशी काडीचा संबंध नाही, तरी आंब्याच्या सीझनला कन्सोलासशिवाय माझं पान हलत नाही.

बागायतदार वाशीला माल पाठवतात, त्यांच्या बिलावर खाते नंबर आणि आयएफएससी कोड मी टाकून देतो. हा कोड ११ अक्षरी आणि पाचव्या जागी कायम शून्य, पण एरियलमध्ये शून्य आणि मोठा ओ पटकन वेगळे दिसत नाहीत, मग भलेभले ओ टाकून मोकळे होतात आणि पेमेंट अडकतं. कन्सोलासमध्ये शून्याच्या पोटात तिरकी रेघ असते, सोर्स कोड प्रो या तसल्याच फॉन्टमध्ये ठिपका. छोटा एल, मोठा आय आणि इंग्रजी एकचा आकडा हेपण वेगळे ओळखू येतात.

डिझाइनची गंमत म्हणजे एसटीच्या सीटसारखं आहे, माणूस बारीक असो की जाड, जागा तेवढीच. त्यामुळे बारीक आयला वर-खाली आडव्या पट्ट्या जोडून रुंद करतात (या पट्ट्यांना सेरिफ म्हणतात; सॅन्स-सेरिफ म्हणजे बिनपट्टीचा फॉन्ट म्हणवायचं आणि याला मात्र सेरिफ लावायचे!) आणि एम, डब्ल्यू दाबून बसवतात, काही फॉन्टात तर एमची मधली दांडीच आखूड असते.

पावतीचा छोटा थर्मल प्रिंटर बघा, ५८ मिमी कागद, आडवे ३८४ ठिपके, एका अक्षराला १२, म्हणजे ओळीत बरोबर ३२ अक्षरं. मी नावाला १६, पेट्यांना ४, दराला ५ आणि रकमेला ७ अशी वाटणी करतो, मोकळी जागा त्यातच धरून, की रकाने एकाखाली एक येतात, टेबल काढायची भानगडच नाही.

पण मराठीत हे चालत नाही. या फॉन्टांत बहुतेक वेळा देवनागरी नसतेच, सॉफ्टवेअर गुपचूप दुसरा फॉन्ट घालतं आणि रकाने वाकडे होतात, शिवाय क्ष्म, र्त्य असली जोडाक्षरं एकाच मापाच्या खणात कोंबली तर वाचणार कोण? तिथे सरळ टेबल करा. आणि नुसते इंग्रजी आकडेच एकाखाली एक हवे असतील तर एरियलचे आकडे मुळात सारख्या रुंदीचे आहेत, फॉन्ट बदलूच नका. अख्खं पत्र मोनोस्पेसमध्ये टाइप करायला गेलात तर पानं वाढतात आणि वाचणाऱ्याला कंटाळा येतो, मी फक्त कोडची आणि खाते नंबरची ओळ त्यात टाकतो. विंडोजवर कन्सोलास आयताच मिळतो.