गावी आई-वडिलांसाठी डिश बंद करून वर्षाचं स्वस्त ओटीटी पॅक घ्यावं का?

तुमचा प्रश्न वाचला. तुम्ही पुण्याला नोकरीला, आई-वडील गुहागरजवळ गावी, डिशला महिन्याला तीनशेच्या आसपास जातात आणि इकडे पाचशेच्या आत वर्षभराचं ओटीटी पॅक (नेटवरून मालिका-पिक्चर दाखवणारं ॲप) मिळतंय, तर डिश बंद करून ते घ्यावं का. खरं सांगतो, हात शिवशिवायला लागले, कारण हाच्या हाच हिशोब आमच्या दादाने दोन वर्षांपूर्वी चतुर्थीला आमच्या ओटीवर बसून मांडला होता, हातात मोदक घेऊन.

सरळ उत्तर पाहिजे असेल तर डिश बंद करू नका. पॅक घ्यायचं तर घ्या, पण डिश काढून नको. आता का ते सांगतो, वेळ असेल तर वाचा.

आम्ही देवगड तालुक्यातले. दादा डोंबिवलीला असतो, वर्षातून एकदा चतुर्थीला येतो. गावी मी, बायको, पोरगा आणि आई. तर त्या चतुर्थीला मी मोबाइलवर डिशचा रिचार्ज मारत होतो, दादाने आकडा बघितला आणि म्हणाला, "तीनशे रुपये महिना? अरे कुठल्या जमान्यात आहात तुम्ही?" मग तो हिशोब. तीनशे गुणिले बारा छत्तीसशे, आणि हे पॅक ४९९ ला वर्षभर, म्हणजे तीन हजार वाचले, ते काय समुद्रात टाकायचेत काय. मी म्हटलं आईला सवय आहे त्या रिमोटची. तो म्हणाला सवय काय, दोन दिवसांत लागते. तिसऱ्या दिवशी कणकवलीला जाऊन ३२ इंची स्मार्ट टीव्ही घेऊन आला (पैसे त्याने घातले, ते नाही म्हणत नाही), स्वतःच्या मोबाइल नंबरवर अकाउंट उघडलं, आणि माझ्यादेखत डिशच्या बॉक्सची वायर काढून बॉक्स माळ्यावर टाकला, नारळ ठेवतो तिथे. पाचव्या दिवशी गणपती पाण्यात, सहाव्या दिवशी दादा कोकणकन्येत.

सेवेचं नाव घेत नाही. तशा बऱ्याच आहेत, कमीजास्त सगळ्या सारख्याच.

आता पहिली गोष्ट म्हणजे ४९९ मध्ये फक्त ॲप येतं, नेट येत नाही. पहिले दहा दिवस माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवला. माझं पॅक रोजच्या दीड जीबीचं. एचडीत तासाला दोन-तीन जीबी आरामात जातो, साध्या क्वालिटीवर ठेवलं तरी पाऊण जीबीच्या आसपास, आणि टीव्ही आपणहून एचडीच पकडतो. म्हणजे आईचा एक एपिसोड झाला की माझा दिवसाचा डेटा जवळजवळ खलास, संध्याकाळी गिऱ्हाईकाने पैसे पाठवले तर ते आले की नाही ते बघायला मी अंगणात मोबाइल हलवत उभा. शेवटी ब्रॉडबँड घेतलं, ४९९ वालं, त्यावर अठरा टक्के जीएसटी म्हणजे ५८९. वर्षाचे सात हजारांवर गेले, अधिक दादाचे ४९९. छत्तीसशे वाचवायला साडेसात हजार. हे मी दादाला फोनवर सांगितलं तर म्हणतो, "नेट काय फक्त टीव्हीसाठी असतं काय?" ते बरोबर आहे त्याचं, पोराचा अभ्यास आणि माझं कामही त्यावरच चालतं, पण मग हिशोब मांडताना तसा मांड ना बाबा.

बरं, पैशाचं सोडा. खरी गंमत पुढे.

आईची मालिका साडेसातला. मी त्या वेळी बाहेर, बायको चुलीपाशी, आई टीव्हीपुढे. एके दिवशी मी घरी आलो तर टीव्ही बंद आणि आई ओटीवर पाय सोडून बसलेली, तोंड फुगवून. म्हणाली, "ह्या काय इंग्रजीत इला बघ." लावून बघितलं तर, तुमचं अकाउंट दुसऱ्या डिव्हाइसवर चालू आहे, एका वेळी एकच स्क्रीन. मी तिला समजावलं की दुसरं कोणीतरी बघतंय म्हणून आपलं बंद पडलं. तर ती माझ्याकडे बघते आणि विचारते, "टीवीसमोर मी एकटीच आसय, मगे दुसरो कोण बघता?"

आता हिला कसं सांगणार की डोंबिवलीत तुझा नातू कार्टून लावून बसलाय आणि त्याच्यामुळे देवगडात तुझी मालिका बंद पडली. सांगितलं तरी. तिला पटलं नाही, पण तिने फोन उचलला आणि सरळ नातवाला लावला, "बाबू, माजा झाला काय मगे बघ हां, अर्धो तास." पोरगा शहाणा, त्याने बंद केलं. त्या दिवसापासून हा रोजचा कार्यक्रम, सव्वासात-साडेसातला डोंबिवलीहून फोन, "आजी, तू बघतेस का, की मी लावू?" सत्तरीतल्या बाईने मालिका बघायला आठ वर्षांच्या पोराशी पाळी लावायची, हे तुमच्या ४९९ चं स्वस्त.

ओटीपीचं तर विचारूच नका. टीव्हीला कधीतरी अपडेट यायचं आणि ॲप लॉगआउट व्हायचं. परत लॉगिन करायला ओटीपी जाणार दादाच्या मोबाइलवर, आणि दादा त्या वेळी ठाण्याहून डोंबिवलीच्या लोकलमध्ये एका पायावर. तो ओटीपी बघून फोन करेपर्यंत मुदत संपलेली. मग परत पाठव, परत संपली. तोपर्यंत इकडे मालिकाही संपली.

आणि आईला सगळ्यात जास्त काय लागलं माहितीये? त्या पॅकमध्ये मालिका लाइव्ह नव्हतीच. लाइव्ह चॅनल वरच्या, महागाच्या पॅकमध्ये, आपल्याला एपिसोड दुसऱ्या दिवशी. म्हणजे आई साडेसातला बघायची ती कालची. शेजारची काकू डिशवर आजची बघायची आणि सकाळी पाणंदीत भेटली की कोण मेलं, कोण परत आलं, सगळं सांगून मोकळी. आई चार दिवस काकूला टाळून वरच्या वाटेने देवळात गेली. हे दादाला कळत नाही. त्याला वाटतं एपिसोड तोच, काल काय नि आज काय.

मग पाऊस. आमच्याकडे जून ते सप्टेंबर लाइट पाहुण्यासारखी येते. इन्व्हर्टर आहे, टीव्ही चालतो, राउटरही चालतो, पण नाक्यावर ऑपरेटरच्या मशीनची बॅटरी बसली की राउटरवर लाल दिवा. एकदा फणसाची फांदी पडून नेटची फायबर वायर तुटली, माणूस आला अकराव्या दिवशी. डिशलाही पाऊस बाधतो, ते लपवत नाही. जुलैत ढग काळे होऊन आले की सिग्नल जातो, पण सर ओसरली की पंधरा-वीस मिनिटांत परत. ढगाची वाट बघायला कंप्लेंट नंबर लावावा लागत नाही.

तर झालं असं की मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी, दादाला न विचारता, मी माळ्यावरून बॉक्स उतरवला. चौदा-पंधरा महिने पडलेला, वर उंदरांनी काथ्या पसरलेला. कौलावर चढलो तर डिशच्या छत्रीचं तोंड फिरलेलं, वांदरांनी झोके घेतलेले दिसत होते. एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा डबा) काढला तर कनेक्टरचा पार हिरवा चुरा, समुद्राच्या वाऱ्याने तांब्याचं तेच होतं, वायरीचं टोक वीतभर कापलं तेव्हा कुठे आत लाल तांबं दिसलं. नवीन कनेक्टर, नवीन एलएनबी, खाली बायको टीव्हीपुढे उभी राहून ओरडतेय "इलो... गेलो... इलो इलो, थांब थय!" नट आवळले, वरून ग्रीस फासलं, खाली येऊन रिचार्ज मारला. आई काही बोलली नाही. जुना रिमोट कुठेतरी जपून ठेवलेला, तो घेऊन आली, प्लास्टिकच्या पिशवीत रबर लावून.

हां, आता हे आधीच सांगायला पाहिजे होतं, मी डिश बसवायचंच काम करतो, पंधरा वर्षं. म्हणजे तुम्ही म्हणाल हा तर धंद्याचं बोलतोय. बोला. पण धंदा म्हणून बघितलं तर मला ओटीटीवाल्यांनीच जास्त कमाई दिलीय, डिश काढून टाकलेले अर्धे लोक सहा महिन्यांनी मलाच बोलावतात. आणि सख्ख्या भावाने माझ्याच घरातली, मी बसवलेली छत्री माझ्यासमोर बंद केली, त्याचं थोडं लागणारच की नाही?

तुमच्यासाठी कामाचं सांगतो, घाईघाईने. पॅक घेण्याआधी बघा की ते फक्त मोबाइलवर चालतं की टीव्हीवर पण. सगळ्यात स्वस्त पॅक बहुतेक वेळा मोबाइलपुरतंच असतं. एका वेळी किती स्क्रीन ते बघा. नंबर आई-वडिलांपैकी जो फोन उचलतो त्याचा द्या, तुमचा देऊ नका. आधी एक महिन्याचं घ्या, वर्षाचं लगेच नको, भले महिन्याचं महाग पडेल. आणि ऑटोपे, म्हणजे मुदत संपली की आपोआप पैसे कापणं, बंद ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापायच्या २४ तास आधी मेसेज यावा लागतो, येतोही, पण १५ हजारांपर्यंतच्या रकमेला ओटीपी लागत नाही, त्यामुळे मेसेज वाचला नाही तर पैसे गेले. दादाचे गेले, आणि दुसऱ्या वर्षी दर पण वाढलेला.

दर आज आहे तो उद्या राहील असं धरून हिशोब मांडू नका. २०२३ ची आयपीएल जिओसिनेमावर फुकट होती, एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी २९ रुपये महिना पॅक काढलं, सगळे खूश, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते ॲप जिओहॉटस्टारमध्ये गेलं, आता तिथे त्यांचे दर. नेटफ्लिक्सने उलट डिसेंबर २०२१ मध्ये मोबाइलचं पॅक १९९ वरून १४९ ला आणलं. म्हणजे खाली पण येतात, पण कधी आणि किती ते तुमच्या हातात नाही.

डिशचेही तीनशे देताय ते बघा जरा. फेब्रुवारी २०१९ पासून हवे ते चॅनल निवडता येतात, घरात कोणी बघत नाही ते स्पोर्ट्स आणि इंग्रजी पिक्चरचे चॅनल काढून टाका, आपोआप खाली येईल. मी निम्म्या घरांत हे करून दिलंय. आणि वडील फक्त बातम्या, सह्याद्री, जुने पिक्चर बघत असतील तर डीडी फ्री डिश लावा, एकदाच छत्री-बॉक्सचा खर्च, मग महिन्याला शून्य. छत्री ९३.५ अंशावरच्या जीसॅट-१५ उपग्रहाकडे लावायची, बसवणाऱ्याला माहिती असतं. फक्त आईची नेमकी मालिका त्यावर येते का ते आधी विचारून घ्या, आमच्या आईची येत नव्हती.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर घरात आधीच चांगलं नेट असेल, आई-वडील मोबाइल नीट वापरत असतील, गाव रस्त्यावरचं असेल तर दादा बरोबर आहे, तुमचा हिशोब जमेल. स्मार्ट टीव्हीबद्दलही माझी तक्रार नाही. रिमोटवर माइकचं बटण आहे, आई ते दाबून "दशावतार" म्हणते आणि यूट्यूबवर अख्ख्या रात्रीचं नाटक लागतं, पेटी-पखवाजासकट, एक रुपया न देता. परवा तर पहाटे तीनपर्यंत बसली होती आणि सकाळी संकासुराची नक्कल करून दाखवली. तेव्हा पैसे भरण्याआधी हे पण बघा की तुमच्या लोकांना मुळात काय बघायचंय, कदाचित ते फुकटच असेल.

दादाला अजून सांगितलेलं नाही डिश परत लागल्याचं. येत्या चतुर्थीला येईल तेव्हा कौलावर छत्री दिसेलच, मग जे व्हायचं ते होईल, मी वायर काढू देणार नाही एवढं नक्की. त्याने पैसे भरलेलं पॅक चालू आहे आणि ते डोंबिवलीत पोरगा एकटा वापरतो. पण पोरगा अजून साडेसातला फोन करतो, "आजी, तू बघतेस का, की मी लावू?" हिची मालिका इकडे डिशवर लागलेली असते, आजची, लाइव्ह. ती टीव्हीचा आवाज बंद करते, जेवलास काय, शाळेत काय झालं, पाऊस आहे काय, सगळं विचारून होतं, आणि मग म्हणते, "लाव रे बाबू, आज तूच बघ."