आधी पायरी सांग

पोरी,

रात्री फोनवर तू म्हणालीस, "काका, पुराच्या अंदाजात पाच फुटांचा फरक पडतोय. लोकांना सांगू, की पक्का आकडा येईपर्यंत थांबू?" सकाळी बोलू म्हणून फोन ठेवला, पण डोळ्याला डोळा लागला नाही. थांबू नकोस. सांग, आणि पायरी सांग, पाणी दारातल्या कितव्या पायरीपर्यंत चढेल ती.

ऑगस्ट २०१९ मध्ये मीही निरोप लिहिला होता. कोयना धरणातून इतके क्युसेक विसर्ग, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. आकडा बरोबर होता, आजही ठणकावून सांगतो. मागच्या गल्लीतल्या आक्कांनी विचारलं, "म्हंजे आमच्या उंबऱ्याला लागंल का?" मी म्हणालो, अजून अधिकृत काही नाही. त्यांच्या भिंतीवर २००५ च्या पाण्याची गेरूची रेघ होती. तिच्यावर हात ठेवून म्हणाल्या, "ह्याच्या वर काय येत न्हाई." धोक्याची पातळी ४५ फूट, सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. आक्का दोन दिवस माळ्यावर होत्या. म्हैस खाली दाव्यालाच राहिली.

मी खोटं लिहिलं नव्हतं गं. पण एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर, हे कळून कुणाच्या म्हशीचं दावं सुटतं? पायरी सांग!

पाच फुटांचा फरक आहे ना, मग दोन्ही टोकं सांग. कमी आलं तर तिसरी पायरी, जास्त आलं तर खिडकीचे गज. जनावरं आत्ताच हलवा. "पाऊस उघडला, आता उतरंल," असं म्हणणाऱ्यांवर चिडू नकोस. इथे ऊन असलं तरी वरच्या पाणलोटातलं पाणी अजून वाटेत असतं, आणि हरिपूरच्या संगमावर वारणा फुगली की कृष्णेचं पाणी मागे तुंबतं, हे समजावून सांग. त्यांना कळतं. जन्म नदीकाठी गेलाय त्यांचा.

लोक घाबरतील म्हणे! घाबरू देत. वेळेवर घाबरले तर धान्य तरी माळ्यावर चढेल.

जुलै २०२१ मध्ये मी गल्लीतल्या खिडक्यांखाली खडूने खुणा केल्या. पाणी दोन फूट खालीच थांबलं. "उगा पळापळ करायला लावली," म्हणून शिव्या खाल्ल्या, आक्कांच्यासुद्धा. पण त्यांची नवी म्हैस तेव्हा उंचावर, भाच्याच्या गोठ्यात होती. पुन्हा खुणा करीन, पुन्हा शिव्या खाईन.

उद्याचा निरोप पाठवण्याआधी मला वाचून दाखव. सुरुवात क्युसेकने झाली तर तिथेच थांबवीन.

तुझा काका