गाढव, शिंदीची फांदी आणि वर्षभराने राख

प्रिय स्तुती,

झावळ्यांचा रविवार म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार; येशू गाढवावर बसून यरुशलेमेत आला आणि लोकांनी फांद्या घेऊन त्याचं स्वागत केलं, त्याची आठवण. त्या दिवसाचा आजीने पाठवलेला व्हिडिओ पाहून तू दोन प्रश्न विचारलेस. मराठीत 'गाढवावर बसवणं' म्हणजे बेइज्जती, मग येशू गाढवावर का बसला? आणि आजीच्या गावी मुलांच्या हातात त्यांच्याच उंचीच्या फांद्या, इथे इंग्लंडमध्ये मात्र चर्चने वाळक्या पानाचा एवढासा क्रूस दिला, असं का? फोनवर हे पुरं व्हायचं नाही, म्हणून लिहिते.

आधी गाढव. आपल्याकडे गाढवावरून धिंड काढतात, हे खरंच आहे. बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या विडा गावी धुळवडीला जावयाला चपलांचा हार घालून गाढवावरून मिरवतात आणि शेवटी त्याला नवे कपडे करतात. म्हणजे तिथेही चेष्टेत मान आहेच. पण मराठवाड्यातलं गाढव एवढ्यावर संपत नाही. पैठणच्या एकनाथांनी रामेश्वराला वाहायला काशीहून आणलेली गंगेची कावड, तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, असं सांगतात. ही गोष्ट तुला आजीकडून ऐकायला मिळेल. धुळवडीनंतर पाचव्या दिवशी नाथषष्ठी, आणि झावळ्यांचा रविवारही याच दिवसांच्या आगेमागे, 15 मार्च ते 18 एप्रिल यांच्या दरम्यान येतो.

येशूच्या देशात तर गाढवावर बसणं हलकं समजतच नव्हते. बायबलमधल्या शास्त्यांच्या पुस्तकात याईर नावाच्या शास्त्याचे तीस मुलगे तीस गाढवांवर बसत, असं मोठेपण म्हणून सांगितलंय. शलमोनाला राज्याभिषेकासाठी नेलं ते त्याच्या बापाच्या, दावीद राजाच्या खेचरावर बसवून. घोडा होता तो लढाईचा. म्हणून जखऱ्या संदेष्ट्याच्या नवव्या अध्यायातली नववी ओवी वाचून थांबू नकोस. त्या ओवीत राजा गाढवाच्या शिंगरावर बसून येतो. पुढच्याच, दहाव्या ओवीत देव रथ, घोडे आणि लढाईचं धनुष्य नाहीसं करतो आणि तो राजा राष्ट्रांशी शांतीचं बोलतो. 'गाढव म्हणजे नम्रता' एवढंच सांगून बरेच जण पुढे जातात. मला ते अपुरं वाटतं. नम्रता आहेच, पण 'मी लढायला आलेलो नाही' हे त्याहून ठळक आहे.

येशूने यरुशलेमेजवळच्या बेथफगेपाशी एका गावातून ते शिंगरू आणवलं, तेव्हा त्यावर कोणीच कधी बसलेलं नव्हतं, असं येशूचं चरित्र लिहिणाऱ्या चौघांपैकी मार्क आणि लूक दोघेही मुद्दाम लिहितात. देवाच्या काही खास विधींना लागणारं जनावर आधी कामाला जुंपलेलं नसावं, असा जुन्या करारातला दंडक होता. आपल्याकडे अजून जू न चढलेला गोऱ्हा असतो ना, तसंच ते. (बेथफगेतलं 'बेथ' म्हणजे घर. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलेल्या बेथेल गावाच्या नावात तेच आहे: देवाचं घर.)

लोकांनी रस्त्यावर कपडे पसरले, त्याला मराठीत नेमका शब्द आहे, पायघड्या. पालखीपुढे घालतात त्या. जुन्या करारात येहूला इस्राएलचा राजा ठरवलं तेव्हाही लोकांनी आपली वस्त्रं त्याच्या पायांखाली अंथरली होती.

आता फांद्या. मत्तय 'झाडांच्या डाहळ्या' म्हणतो, मार्क शेतातून तोडलेल्या म्हणतो, लूक फांदीचं नावही काढत नाही. खजुराची झावळी एकट्या योहानाने सांगितली आहे, आणि तिच्यामागे इतिहास आहे. इ.स.पू. 141 मध्ये शिमोन मक्काबी या यहुदी पुढाऱ्याने यरुशलेमेतल्या गढीतून परकी सैन्य हुसकलं, तेव्हा लोक झावळ्या घेऊनच आत शिरले होते. म्हणजे ती विजयाची, परकी सत्ता गेल्याची खूण. येशूच्या काळी रोमचं राज्य होतं. गर्दी हातातल्या झावळीने 'यांना हाकल' म्हणत होती आणि तो लढाईला न लागणाऱ्या जनावरावर बसून येत होता. त्या दिवसाचं सगळं दुःख मला या दोन खुणांच्या न जुळण्यात दिसतं. पाचच दिवसांनी उत्तम शुक्रवार, येशूला क्रूसावर दिलं तो दिवस आहे. 'होसान्ना' हाही मुळात जयजयकार नव्हे. स्तोत्र 118 मधली ती विनवणी आहे: आता तार. आपण 'देवा, पाव' म्हणतो, अगदी तसंच. म्हणून गाताना नुसतं ओरडायचं नाही.

थंड देशांत खजूर उगवत नाही, म्हणून इंग्लंडात पूर्वी विलो किंवा यू या झाडांच्या डहाळ्या घेत. आता वाळलेल्या पानांचे आयते क्रूस मिळतात. मराठवाड्यात ओढ्याकाठी शिंदी असते. ती खजुराची सख्खी बहीण. दिवाळीत लक्ष्मी म्हणून पुजतात तो फडा तिच्याच पानांचा.

शिंदी तोडताना दोन चुका होतात. कोवळी, पिवळसर, मिटलेली मधली सुरळी सुंदर दिसते म्हणून लोक तीच कापतात. या झाडाला वाढायला शेंड्याचा एकच कोंब असतो; सुरळीबरोबर तो दुखावला तर झाड मरतं. खालच्या बाजूची, पूर्ण उघडलेली हिरवी पानंच घ्यावीत. दुसरं म्हणजे देठाजवळचे काटे. सुईसारखे असतात. मुलांच्या हाती देण्याआधी ते कोयत्याने तासायचे आणि पात्यांची टोकं बोटभर छाटायची, नाहीतर मिरवणुकीत पुढच्याच्या डोळ्याला लागतं. फांद्या शनिवारी संध्याकाळी तोडून ओल्या पोत्यात गुंडाळाव्यात. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत उघड्या ठेवल्या तर सकाळपर्यंत मान टाकतात.

क्रूस तुला घरीही करता येईल. 36 सेंटिमीटर लांब आणि एक सेंटिमीटर रुंद पट्टी घे, मधला कडक कणा काढून टाक. पान वाळलेलं असेल तर अर्धा तास कोमट पाण्यात भिजव, नाहीतर घडीवर तडकेल. पट्टी मधोमध दुमडली की 18 सेंटिमीटरचा उभा दांडा झाला, दुमड वरच्या टोकाला. 20 सेंटिमीटरच्या दुसऱ्या पट्टीची दोन्ही टोकं मध्यावर आणून दुमड. झाले 10 सेंटिमीटरचे हात. ते उभ्या दांड्याच्या दोन पदरांमधून सरकव, वरून 5 सेंटिमीटरवर. मग 25 सेंटिमीटरच्या बारीक तंतूने आधी एका तिरक्या बाजूने, मग दुसऱ्या, असे वेढे घालून मागे गाठ मार. बांधण्याआधी पट्ट्या फडक्याने टिपून घे. ओलं पान वाळताना आक्रसतं, गाठ सैल पडते आणि हात लोंबायला लागतात.

हा क्रूस वर्षभर भिंतीवर ठेवायचा, कचऱ्यात टाकायचा नाही. कॅथलिक चर्चमध्ये पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारआधी जुन्या झावळ्या परत मागवतात आणि त्यांचीच राख कपाळाला लावतात. तो उपासाच्या काळाचा पहिला दिवस; तिथून ईस्टरपर्यंत रविवार सोडून चाळीस दिवस. 'पाव' म्हणत उंचावलेली फांदीच पुढे 'तू माती आहेस' सांगायला येते. नवी राख कुठून तरी आणली तर हे सांगणं तुटतं.

राख करताना आधी रिबिनी, दोरे, प्लॅस्टिक काढतात. पानं अंगणात लोखंडी घमेल्यात पेटवतात आणि ज्वाळा बसली की वरून झाकण ठेवतात. पूर्ण जळू दिली तर राख पांढुरकी होते, कपाळावर उमटत नाही. झाकली की काळी राहते. थंड झाल्यावर कुटून मलमलीतून गाळायची. ढीगभर पानांची मूठभर राख निघते, पण चिमूट चिमूट लागते, त्यामुळे पुरते. तिच्यात पाणी मात्र कधी घालायचं नाही. राखेने भांडी स्वच्छ निघतात ती तिच्यातल्या क्षारामुळे, आणि ओला झालेला तोच क्षार कपाळाची कातडी भाजतो. कालवायचीच असेल तर तेलाचे दोन-चार थेंब पुरतात.

तुझा क्रूस ओलीपासून लांब ठेव, बुरशी धरली की काळा पडतो.

तुझी,
आई