चाचण्यांचे सगळे आकडे बरोबर येतात, तरी रीफ टाकीतले कोरल का मरत आहेत?

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एकत्र लिहिते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. न्यू जर्सीतल्या घरात 75 गॅलनची, म्हणजे साधारण 280 लिटरची, वर्षभर जुनी रीफ टाकी, म्हणजे कोरल (प्रवाळ) पाळायची खाऱ्या पाण्याची टाकी. अक्रोपोरा आणि बर्ड्सनेस्ट हे फांद्यांचे कठीण कोरल बुडापासून वर पांढरे होत चाललेत, टॉर्च हे मांसल कठीण कोरल आकसून बसलंय. मशरूम आणि झोआ हे बिनसांगाड्याचे मऊ कोरल आणि मासे मात्र ठणठणीत. दर रविवारी सकाळी तुम्ही दहा टक्के पाणी बदलता, अल्कलिनिटीसाठी (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप) बफर, म्हणजे ती वाढवणारं रसायन, टाकता आणि संध्याकाळी चाचण्या करता. अल्कलिनिटी 9 डीकेएच (हे तिचं एकक), कॅल्शियम 420 पीपीएम (दशलक्षात इतके भाग), नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. काचेवर शेवाळ फार वाढलं म्हणून दोन महिन्यांपूर्वी फॉस्फेट शोषणारा रिअ‍ॅक्टर बसवलात. आता विचारताय, की टाकी मोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करू का.

मोडू नका. तुमचे आकडे खोटे नाहीत, पण ते सगळे रविवार संध्याकाळचे आहेत. येत्या शनिवारी रात्री, बफर टाकण्याच्या आदल्या दिवशी, फक्त अल्कलिनिटी मोजा. माझा अंदाज आहे की ती 6 च्या आसपास किंवा त्याहून खाली आलेली दिसेल.

याचं कारण असं. कठीण कोरल सांगाडा बांधताना पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट एका ठरलेल्या प्रमाणात उचलतात. 2.8 डीकेएच अल्कलिनिटी खर्च झाली, तर कॅल्शियम जेमतेम 20 पीपीएमनं उतरतं. समजा तुमची टाकी रोज अर्धा डीकेएच खाते. आठवड्यात साडेतीन गेले, म्हणजे 9 वरून साडेपाच. तेवढ्याच काळात कॅल्शियम फक्त 25 पीपीएमनं घटलं. 420 चं 395 झालं तर कुणाच्या नजरेत भरत नाही, घरगुती किटमधला फरकच कधी कधी तेवढा असतो. म्हणून कॅल्शियम ठीक आहे यावरून बाकीचं ठीक आहे असं धरू नये. शिवाय दर रविवारी एका दिवसात तीन-साडेतीन डीकेएचची उडी बसते. अक्रोपोरा 7.5 वर छान राहतं, 9 वरही छान राहतं. पण दर आठवड्याला साडेपाच ते 9 असे हेलकावे बसले की ते बुडापासून मांस सोडू लागतं. मशरूम आणि झोआंना असा सांगाडा बांधायचा नसतो, म्हणून त्यांना या हेलकाव्यांचं फारसं काही वाटत नाही. तुमच्या टाकीत कोण मरतंय आणि कोण जगतंय हे इतकं स्पष्ट आहे, की मी सगळ्यात आधी अल्कलिनिटीकडेच बोट दाखवते.

मोजण्याची पद्धत बदला. सलग सहा-सात दिवस रोज एकाच वेळी, बफर न टाकता अल्कलिनिटी मोजा आणि वहीत लिहा; 7 च्या खाली जायला लागली तर तिथेच थांबा. रोजचा खप किती ते त्यातून कळेल. मग तेवढीच भरपाई रोज द्यायची, एकदम नाही. खडक आणि वाळूची जागा वजा करून तुमच्या टाकीत 250 लिटर पाणी आहे असं धरलं, तर 1 डीकेएच वाढवायला साधारण साडेसात ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो (बेकिंग पावडर नव्हे, त्यात आणखी इतर गोष्टी असतात). रोज अर्धा डीकेएच खपत असेल तर पावणेचार ग्रॅम, आरओच्या पाण्यात विरघळवून, जोरदार प्रवाह असेल तिथे हळूहळू. दिवसातून दोन-तीन वेळा थोडं थोडं दिलंत तर उत्तम, डोसिंग पंप असेल तर त्याहून उत्तम. कॅल्शियमचा डोस वेगळा आणि वेगळ्या वेळी द्या, नाहीतर दोन्ही एकमेकांत मिसळून पांढरा साका होतो. दुसरा मार्ग चुन्याच्या निवळीचा. ती कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही योग्य प्रमाणात देते, आणि हिवाळ्यात बंद घरात कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरतो तेव्हा तो वरही आणते. पण निवळीचा पीएच 12 च्या वर असतो, म्हणून ती रात्री थेंबाथेंबानेच सोडायची.

आता फॉस्फेट. अल्कलिनिटी एवढ्यावरच भागत नाही. टॉर्च आकसण्यामागे मला हेच जास्त दिसतं. नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट शून्य हा आकडा बघून बरं वाटतं, पण कोरलच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाला हे दोन्ही लागतात. ते उपाशी राहिलं की कोरलही उपाशी राहतं, आणि उपाशी कोरलला अल्कलिनिटीचे हेलकावे अजिबात सोसत नाहीत. त्यात शून्यावर आलेल्या टाकीत डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्मजीवांचा तपकिरी, बुडबुडे धरलेला चिकट थर पसरण्याची भीती असते, आणि तो घालवणं काचेवरच्या हिरव्या शेवाळापेक्षा कितीतरी अवघड. रिअ‍ॅक्टर बंद करा. माशांना थोडं जास्त खायला घाला. नायट्रेट 5 पीपीएम आणि फॉस्फेट 0.05 च्या आसपास यायला काही आठवडे लागू द्या. काचेवर थोडं शेवाळ येईल, ते खरवडा आणि गोगलगायी वाढवा.

कीड असू शकते का असंही तुम्ही विचारलंय. अक्रोपोरा खाणारे चपटे किडे असतात, त्यांची अंडी बुडाशी उघड्या सांगाड्यावर तपकिरी पुंजक्यांत सापडतात, तेव्हा भिंग घेऊन जरूर बघा. पण ते किडे बर्ड्सनेस्टकडे वळत नाहीत आणि टॉर्चला हात लावत नाहीत. तीन वेगळ्या जातींना एकाच वेळी त्रास होतोय, तर कारण पाण्यात शोधायला हवं. उष्णतेनं किंवा जास्त प्रकाशानं होणारं ब्लीचिंगही हे नाही. त्यात मांस सांगाड्यावर शाबूत राहतं, फक्त रंग जातो आणि बारीक पॉलिप (कोरलचे इवले जीव) दिसत राहतात. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मांसच सुटलंय, आणि उघड्या पडलेल्या भागावर हिरवट शेवाळ धरलंय.

पाण्याबद्दल दोन गोष्टी तपासा. एक, तुमच्या नळाला क्लोरामाइन येतं का ते पाणीपुरवठा करणाऱ्यांच्या वार्षिक अहवालात बघा. कार्बन फिल्टर क्लोरामाइन फोडतो तेव्हा अमोनिया सुटतो, तो आरओच्या पडद्यातूनही काही प्रमाणात निसटतो आणि शेवटी डीआय रेझिनच (आरओनंतर उरलेले क्षार धरणारे मणी) त्याला पकडतं. रेझिन संपत आलं असेल तर ताबडतोब बदला. टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा) क्लोरीन दाखवत नाही, त्यासाठी वेगळी पट्टी मिळते. दुसरी, बादलीत कालवलेल्या ताज्या मिठाच्या पाण्याची अल्कलिनिटी. काही मिठं 11-12 डीकेएचवर येतात आणि पाणी बदललं की तीही उडीत भर घालतात. क्षारतेचा रिफ्रॅक्टोमीटर 35 पीपीटीच्या (हजारात 35 भाग) प्रमाणित द्रावणानं जुळवा. नुसत्या शुद्ध पाण्यानं शून्यावर आणला तरी 35 ला तो चुकू शकतो.

हे सगळं सुरळीत व्हायला वेळ लागेल, तोवर जे जिवंत आहे ते वाचवा. मांस सुटत चाललेली कड वर सरकत असेल तर तिच्या एक-दोन सेंटिमीटर वर, निरोगी भागात, फांदी कापा आणि टोकं नव्या प्लगवर (कोरल बसवायच्या छोट्या चकतीवर) चिकटवा. अख्खी वसाहत गेली तरी ही टोकं बऱ्याचदा तगतात, आणि मला तर ती वाढताना बघण्यात फार आनंद मिळतो. काम करताना हातमोजे आणि चष्मा घालाच. झोआ आणि पॅलिथोआंच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जबरदस्त विष असतं. ते बसलेले खडक कधीही उकळू नका आणि कोरडे घासू नका, वाफेतून आणि उडालेल्या तुषारांतून अख्खं घर दवाखान्यात जाऊ शकतं.

पुण्यातल्या तुमच्या भावालाही अशीच टाकी करायची आहे असं लिहिलंत. त्यांना सांगा, भारतात सगळे कठीण कोरल 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवण असो, लक्षद्वीप असो की अंदमान, समुद्रातून तुकडा उचलणं गुन्हा आहे, मेलेला सांगाडासुद्धा. त्यांनी खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी करावी, तीही सुंदर होते.

शनिवार रात्रीची अल्कलिनिटी आणि बादलीतल्या ताज्या पाण्याची अल्कलिनिटी, हे दोन आकडे खाली टाका. रोज किती सोडा लागेल ते त्यावरून सांगते. तीन आठवडे आकडा स्थिर ठेवूनही मांस सुटत राहिलं, तर पाण्याचा नमुना आयसीपी चाचणीला (पाण्यातले धातू आणि इतर मूलद्रव्यं मोजणारी प्रयोगशाळेतली चाचणी) पाठवा, आणि त्याआधी पंपांचे नि काच घासायचे चुंबक काढून कुठे गंज धरलाय का ते नीट पाहा.