इन्शुलिनची कडी आणि साखरेचं दार

"बाबा सडसडीत, रिपोर्टमध्ये इन्शुलिन भरपूर, तरी उपाशीपोटीची साखर १३८. मग ते इन्शुलिन करतं काय?" असं तुम्ही विचारलंय. बरीच वर्षं बायोकेमिस्ट्री शिकवली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

वर कुणीतरी "इन्शुलिन ही किल्ली, रिसेप्टर हे कुलूप, ते उघडलं की साखर आत" असं लिहिलंय. रिसेप्टर म्हणजे पेशीवरचं, इन्शुलिन ओळखणारं प्रथिन. गोंधळ तिथेच होतो. रिसेप्टरमधून साखर जात नाही. आपल्या पेठेतला जुना वाडा आठवा. बाहेरून कडी वाजते, आतलं माणूस उठतं आणि मागचं दार उघडतं. इन्शुलिन म्हणजे जेमतेम ५१ अमिनो आम्लांचं प्रथिन. पेशीचं आवरण स्निग्ध असल्यामुळे ते सरळ आत घुसू शकत नाही. रिसेप्टर त्याच्या कित्येक पट मोठा, अडीच हजारांहून जास्त अमिनो आम्लांचा, आवरणाच्या आरपार बसलेला. बाहेरच्या भागाला इन्शुलिन चिकटलं की आतला भाग जागा होतो आणि शेजारच्या प्रथिनांना फॉस्फेट जोडत सुटतो. निरोप असा हातोहात पुढे जातो. शेवटी ग्लूट-४ नावाचं वेगळंच प्रथिन पेशीच्या पोटातून आवरणावर येतं. साखरेचं दार ते. हे स्नायू आणि चरबीच्या पेशींचं झालं. मेंदूची दारं वेगळी, ती इन्शुलिनसाठी अडून राहत नाहीत.

टाइप २ मधुमेहात कडी, म्हणजे रिसेप्टर, बहुधा शाबूत असते, निरोप आत अडतो. स्नायूत आणि यकृतात साठलेली चरबी हे त्याचं मोठं कारण. स्वादुपिंड मग आणखी इन्शुलिन सोडतं. बाबांच्या रिपोर्टमधला इन्शुलिनचा आकडा बहुतेक त्याचाच.

आणि सडसडीत म्हणाल, तर हे कोडं पुण्यातच फार सुंदर मांडलं गेलंय. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! वजनकाटा हे दाखवत नाही. बाबांच्या पोटाचा घेर मोजून बघा.

त्यांना पर्वती चढायला न्या, असंही मनापासून सांगेन. स्नायू आकुंचन पावले की ग्लूट-४ इन्शुलिनच्या निरोपाशिवायही वर येतं. फक्त गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला, काही गोळ्यांवर व्यायामानंतर साखर फार खाली जाते.