वर्ग उन्हाळी, पण आपल्या पावसाळ्यात

प्रश्न: माझी लेक रत्नागिरीला एस.वाय. बी.एस्सी.ला आहे. सोबत जर्मन शिकते. जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या जुलैतल्या चार आठवड्यांच्या उन्हाळी भाषावर्गासाठी तिची निवड झाली आहे. शुल्क माफ आहे, पण विमानाचं तिकीट आणि तिथलं राहणं-खाणं आमच्याकडे. यंदाच्या आंब्याचे पैसे त्यातच जातील. घरात म्हणतात, महिन्याभरात काय भाषा येणार, ही तर सहल झाली. पाठवावं का?
– एक आई, देवगड तालुका

उत्तर: काकू, तुमचं पत्र संपादकांनी माझ्याकडे दिलं, कारण २०२३च्या जुलैत मी अशाच वर्गाला जर्मनीत ब्रेमनला गेले होते. मी रत्नागिरीजवळच्या पूर्णगडची. बाबा मासेमारी करतात. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, होडी शाकारून ठेवलेली, हातात रोकड नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत मी पैसे मागत होते. त्यामुळे तुमच्या घरात काय बोलणं चाललं असेल ते मला ऐकू येतंय.

घरचे म्हणतात ते अर्धं खरं आहे. चार आठवड्यांत भाषा येत नाही. भाषेच्या सहा पातळ्या असतात, त्यातली दुसरी ए-२. मी ए-२ च्या मध्यावर गेले आणि ए-२ संपवून आले, बस. त्या कागदावर नोकरी मिळत नाही. तरीही मी म्हणेन, पाठवा. का ते सांगते.

पहिले दहा दिवस मी वर्गात तोंडच उघडलं नाही. व्याकरण येत होतं, पण वाक्य मनात जुळवेपर्यंत बाजूचा ब्राझीलचा मुलगा तीन वाक्यं बोलून मोकळा व्हायचा. दुपारी सुटलं की खोलीवर येऊन आईला फोन. मग दुसऱ्या शनिवारी आम्हाला समुद्रकाठच्या कुक्सहाफनला नेलं. तिथे ओहोटीला समुद्र पार लांब जातो, आणि मैलोन् मैल चिखलाचं मैदान उघडं पडतं. हा वाडन समुद्र, २००९पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. लोक त्यावरून चालत नॉयवेर्क नावाच्या बेटापर्यंत जातात. आम्ही दोनच तास चाललो. बाकीची मुलं बूट काढायला कचरत होती, मी अनवाणी उतरले. पायाखाली तोच आमच्या खाडीतला गार, गुळगुळीत चिखल. वाळूवर शेवया घातल्यासारखे बारीक वळे पडले होते. वाटाड्याने काट्याने खणलं आणि खालून बोटाएवढा किडा काढून तळहातावर ठेवला.

मग त्याने विचारलं, समुद्र परत कधी येणार ते कसं ओळखाल? सगळे फोन काढायला लागले. मला आजोबांचं गणित आठवलं. तिथीची पाऊणपट करायची, तो भरतीचा तास. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. ‘पाऊण’ला जर्मनमध्ये ‘द्राय फिर्टल’ म्हणतात, ते मला घड्याळाच्या धड्यामुळे येत होतं. चंद्राचे दिवस बोटांवर मोजून दाखवत, मोडकंतोडकं मी सगळं सांगितलं. वाटाड्या थांबून ऐकत राहिला. म्हणाला, आमच्या किनाऱ्यावर सुरुवातीचा तास वेगळा, पण रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकतं ते अगदी तसंच. त्यानंतर परतीच्या वाटेवर तो माझ्याशीच बोलत होता. उधाणाला (पुनव-अवसेची मोठी भरती) आणि भांगाला (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) तुम्ही काय म्हणता, असं त्याने विचारलं, मी त्याला ते शब्द शिकवले. सोमवारी वर्गात पहिला हात माझा होता.

धक्क्यावर पावात घातलेली बारीक करंदी विकत होते. विकणारी बाई म्हणाली, ही इथेच पकडतात, होडीवरच उकडतात, पण यातली पुष्कळशी सोलायला मोरोक्कोला पाठवतात आणि सोललेली परत आणतात. इथे मजुरी परवडत नाही. माझी आत्या रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर दिवसभर कोळंबी सोलते, तिची बोटं माझ्या डोळ्यांसमोर आली. तो पाव मला त्या दिवशी नीट खाता आला नाही. कोळंबी सोलणाऱ्या बायकांच्या मजुरीवर मी नंतर एमएस्सीचा प्रकल्प केला, त्याचं मूळ त्या धक्क्यावर आहे. हे सहलीत झालं असतं का, मला माहीत नाही. वर्गात रोज चार तास बसून जी थोडी भाषा आली होती, तिच्यामुळेच ती बाई काय म्हणाली ते कळलं.

म्हणून लेकीला एकच विचारा: दुपारी वर्ग सुटल्यावर तू काय करणार? ‘आपल्याकडच्या मुलींबरोबर राहीन’ असं उत्तर आलं तर तिच्याशी आणखी बोला. आणि काकू, आंब्याचे पैसे पुरत नसतील, व्याजाने काढावे लागणार असतील, तर यंदा नको. डाड ही परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देणारी जर्मन संस्था आहे, अशा वर्गांसाठी काही मिळतं का ते तिकडे विचारू दे आणि पुढच्या वर्षी अर्ज करू दे.

आता कागदपत्रं. शेंगेन व्हिसाचा (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो, पंधरा दिवसांहून उशिरा नाही. बोटांचे ठसे द्यायला तिला स्वतः व्हिसा केंद्रावर जावं लागेल. आम्ही रात्रीच्या कोकणकन्येने मुंबईला गेलो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा, आणि परत येण्याच्या तारखेनंतर पासपोर्टची मुदत निदान तीन महिने शिल्लक हवी. व्हिसाची फी सध्या ९० युरो आहे.

त्यांचा उन्हाळा म्हणजे आपलं कॉलेज सुरू झालेलं, हे कुणी सांगत नाही. मला रजेची परवानगी तोंडी मिळाली होती. परत आले तर हजेरी कमी म्हणून परीक्षेचा अर्जच अडवला. ऑगस्टभर कार्यालयाच्या खिडकीशी रडकुंडीला आले होते. तिच्या रजेची परवानगी लेखी घ्या, शिक्क्यासकट, जाण्याआधी.

सामानात तूप घालू नका, दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. हापूसही नाही, त्याला रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो. आमसुलं आणि कुळथाचं पीठ द्या. सामायिक स्वयंपाकघरात माझी पिठी तीन देशांच्या मुलींनी खाल्ली. तिथल्या महिन्याच्या रेल्वे-बस तिकिटावर तिला भरपूर फिरता येईल, फक्त ते आपोआप पुढच्या महिन्याला लागू होतं. १० तारखेच्या आत रद्द करायला सांगा, नाहीतर पुढचे पैसे कापले जातात.

फोनची वेळ ठरवून घ्या. तिथले संध्याकाळचे सात म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा. तिच्याकडे तेव्हा लख्ख ऊन असेल. आमच्याकडे रेंज फक्त पडवीच्या कोपऱ्यात येते, आई तिथे उभी राहून बोलायची. मागे पागोळ्यांचा आवाज. बोलणं संपलं की मी तिला म्हणायचे, आता फोन थोडा बाहेर धर.