बंदुकीच्या नळ्या आणि पॉलिसीवरील कर्ज

ओहायोतील एका वाचकांकडे १९२०च्या दशकात फिलाडेल्फियात बनलेली बारा गेजची फॉक्स स्टर्लिंगवर्थ ही दुनळी बंदूक आहे (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचे माप; आकडा मोठा तशी नळी अरुंद). तिच्या दणक्याने खांदा दुखतो, म्हणून वीस गेजच्या नळ्यांची दुसरी जोडी साडेसहा हजार डॉलर खर्चून बसवावी, असे त्यांच्या मनात आहे. ते लिहितात, ‘विमा पॉलिसीवर करमुक्त कर्ज मिळते, व्याज जवळजवळ शून्य, असे एजंट सांगतात. दोन जोड्यांमुळे बंदुकीची किंमतही वाढेल. कर्ज घेऊ का?’

घेऊ नका. कारागीर जादा पैसे मागत आहे, असे मी म्हणणार नाही; नळीच्या सांध्यावर दिव्याची काजळी धरायची, बंदूक मिटून उघडायची, काजळी जिथे पुसली गेली तिथेच कानस फिरवायची आणि हे पुन्हा पुन्हा करायचे, अशी ही हातमजुरी आहे. मात्र संग्राहक जास्त किंमत देतात ती कारखान्यातूनच दोन जोड्यांसह निघालेल्या बंदुकीला, शंभर वर्षांनी जोड लावलेल्या बंदुकीला नव्हे. शिवाय फायरिंग पिनांमधले, म्हणजे काडतुसावर आघात करणाऱ्या दोन खिळ्यांमधले अंतर बारा गेजचेच राहत असल्याने नव्या नळ्या मागच्या टोकाला जाड ठेवाव्या लागतात आणि अस्सल वीस गेजचा हलकेपणा हाती येत नाही. दणकाच कमी करायचा असेल, तर सात-अष्टमांश औंस छर्ऱ्यांची बारा गेजची सौम्य काडतुसे मिळतात. वीस गेजमध्येही साधारण तेवढेच छर्रे असतात. जुन्या फॉक्सचे चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसण्याची जागा, आजच्या काडतुसापेक्षा आखूड असू शकते, तेवढे आधी मोजून घ्यावे.

आता न विचारलेल्या प्रश्नाकडे वळतो. आपले वय ४४ आणि पगार १ लाख ६० हजार डॉलर आहे. गणेशोत्सवातल्या ओळखीतून घेतलेल्या इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ पॉलिसीत (आयुर्विमा आणि शेअर निर्देशांकाला जोडलेली बचत एकत्र) आपण सहा वर्षे दरमहा दीड हजार, म्हणजे १ लाख ८ हजार भरले, आणि आज ती मोडली तर ७१ हजार मिळतील. दहा लाखांच्या साध्या टर्म विम्याला (ठरावीक मुदतीचा, बचत नसलेला विमा) महिना शंभर धरले, तरी सहा वर्षांचा खर्च सुमारे सात हजार होतो. उरलेले तीस हजार कमिशन, शुल्क आणि मोडण्याचा दंड यांत गेले. निर्देशांकाच्या वाढीला ९ टक्क्यांची मर्यादा आहे, लाभांश त्यात धरलेला नाही, विम्यासाठी कापले जाणारे शुल्क वयाबरोबर वाढत जाणार आहे, आणि तरीही पॉलिसी पुढे किती वाढेल हे दाखवणाऱ्या तक्त्यात दरवर्षी साडेसहा टक्के न चुकता छापलेले आहेत! कर्जालाही व्याज लागतेच, आणि कर्ज असताना पॉलिसी बंद पडली तर नफ्यावर कर बसू शकतो.

याहून जिव्हारी लागणारी ओळ आपण पत्रात जाता जाता लिहिली आहे: नोकरीतल्या ४०१(के) या निवृत्ती-बचत खात्यात कंपनी पगाराच्या ५ टक्क्यांपर्यंत आपल्या डॉलरला डॉलर घालते, पण विम्याच्या हप्त्यामुळे आपण त्यात २ टक्केच भरता. म्हणजे वर्षाला ४,८०० डॉलर आपण मालकाच्या टेबलावर ठेवून उठता. पगार पूर्वी कमी होता असे धरले, तरी सहा वर्षांत पंचवीस हजारांच्या आसपास रक्कम झाली. तेवढ्यात नळ्यांच्या तीन जोड्या येऊन पैसे उरले असते.

पुढच्या पगारापासून ४०१(के)साठी ५ टक्के कापायला सांगावे. टर्म पॉलिसी वैद्यकीय तपासणीसह हाती येईपर्यंत जुनी मोडू नये. दरम्यान एजंटकडून नव्हे, थेट विमा कंपनीकडून चार टक्क्यांच्या गृहीतकाचा नवा तक्ता आणि दंड दरवर्षी किती घटतो त्याचे वेळापत्रक लेखी मागवावे. दंड वर्षभरात मोठ्या प्रमाणात उतरणार असेल तर तेवढे थांबण्यात अर्थ आहे. नसेल, तर गेलेल्या ३७ हजारांपायी दरमहा आणखी दीड हजार घालू नयेत.